हरिपाठ आपल्या मुखाने म्हटला जावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम रामकृष्णहरि.

गेले काही दिवस आपल्या वृत्तपत्रात माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पालखीचे मुक्काम, रिंगणे आणि पंढरपुरातील दर्शनरांग यांची वृत्ते येत आहेत आणि मी ती रोज सकाळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आहे. वयामुळे आता चालणे होत नाही, त्यामुळे माझी वारी सध्या आपल्या पानांवरूनच होते, याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार मानते. परंतु एकादशी झाली, पालख्या परतीला लागल्या की ही वृत्ते थांबतात आणि वर्षाचे उरलेले दिवस वारकऱ्याने काय करायचे असते याविषयी कुठेही फारसे लिहून येत नाही. खरे पाहता आपल्या संप्रदायाने याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. आषाढी-कार्तिकीची वारी वर्षातून दोनदा, एकादशी पंधरा दिवसांनी एकदा आणि हरिपाठ रोज. यातील वारी दिसते, म्हणून तिची छायाचित्रे निघतात. हरिपाठ घराघरांत तिन्हीसांजेला होतो किंवा होत असे, आणि तो बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. या न दिसणाऱ्या नेमाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे अभंग २७ आहेत. काही छापील प्रतींत ते २८ असतात. निवृत्तिनाथ, नामदेव, मुक्ताबाई, एकनाथ आणि तुकोबा यांच्या नावेही हरिपाठ आहेत, पण नुसता ‘हरिपाठ’ म्हटला की आपल्याकडे माउलींचाच समजला जातो. तो घाईने म्हटला तर अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि टाळ-मृदंगाच्या साथीने, चालीवर, पावलांसह म्हटला तर तासभर सहज जातो. माणसे दोन रांगा करून समोरासमोर उभी राहतात आणि चरण एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे जात राहतो. प्रत्येक अभंगानंतर पहिल्या अभंगातील एक चरण धृपद म्हणून पुन्हा पुन्हा येतो: ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी ॥’ लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेल्या या चरणातील ‘मुखें’ या शब्दाकडे माझे लक्ष मात्र फार उशिरा, दोन वर्षांपूर्वी गेले. त्याचे कारण एक दुःखद प्रसंग होता.

माझे माहेर सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात, माण तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी यात्रेच्या निमित्ताने मी गावी गेले होते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास देवळाच्या शिखरावरील कर्ण्यातून हरिपाठ सुरू झाला. आवाज कसलेल्या गायकाचा होता आणि पखवाजही उत्तम वाजत होता. मी घाईने पदर सावरून देवळाकडे निघाले, कारण त्याच देवळाच्या सभामंडपात माझ्या वडिलांचा हात धरून मी हरिपाठ शिकले होते. जाऊन पाहते तो लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप होते आणि आत चिटपाखरूही नव्हते. गाभाऱ्यात एक विजेचा दिवा जळत होता आणि भिंतीवरच्या खोक्यात बसवलेल्या घड्याळाच्या बटणावर ध्वनिमुद्रण आपोआप सुरू झालेले होते. पारावर बसलेल्या मंडळींना विचारले, तेव्हा कळले की म्हणणारी म्हातारी माणसे एकामागून एक गेली, उरलेल्यांना जमेनासे झाले, म्हणून ‘हरिपाठ बंद पडायला नको’ या चांगल्या हेतूने समितीने ही सोय केली होती. त्यांचा हेतू खरोखरच चांगला होता आणि मी कोणालाही दोष देत नाही. पण कुलूपबंद देवळातून ‘हरि मुखें म्हणा’ असे ऐकू येत होते आणि ते ज्यांना उद्देशून होते त्या आम्हां सर्वांची मुखे बंद होती. मी जाळीच्या बाहेर उभी राहून शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्या दिवशी मला त्या शब्दाचा अर्थ कळला. माउलींनी ‘हरि ऐका’ असे म्हटलेले नाही. ऐकण्याचे महत्त्व आहेच, नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते, परंतु हरिपाठात वारंवार जे बजावले आहे ते तोंडाने म्हणण्याविषयी आहे आणि ते आपल्यासाठी दुसरा कोणी म्हणू शकत नाही. दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

माझे वडील माळकरी होते. तीन एकर कोरडवाहू जमीन, दोन बैल आणि सात खाणारी तोंडे असा त्यांचा प्रपंच होता. शिक्षण दुसरीपर्यंत झालेले, पण हरिपाठ, काकड्याचे अभंग आणि आरत्या सगळे मुखोद्गत होते. दिवेलागण झाली, आईने तुळशीपुढे दिवा लावला की ते हातपाय धुऊन उंबऱ्याच्या आत घोंगडीवर बसत आणि आम्ही भावंडे त्यांच्या भोवती बसत असू. १९७२ च्या दुष्काळात मी सातवीत होते. त्या वर्षी बैल कवडीमोल किमतीला विकावे लागले, वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते आणि आम्हां मुलांना सुकडी मिळत असे. संध्याकाळी परत आल्यावर वडिलांच्या तळहातांना फोड आलेले असत, त्यामुळे टाळ धरता येत नसे. तरीही हरिपाठ एक दिवस चुकला नाही. टाळ न वाजवता, मांडीवर बोटांनी ठेका धरून ते म्हणत. मी एकदा त्यांना विचारले होते की देवाने पाऊस पाडला नाही, बैल गेले, मग त्याचे गुण कशासाठी गायचे? त्यांनी उत्तर दिले होते, ‘‘पाऊस पडला म्हणून कधी जास्तीचा म्हटला होता का आपण? मग पडला न्हाई म्हणून कमी कशापायी करायचा?’’ तेरा वर्षांच्या मुलीला त्यातले फारसे उमगले नाही, पण शब्द मनात राहिले आणि पुढच्या आयुष्यात मला ते वेळोवेळी पुरले.

आई १९८४ मध्ये श्रावणात गेली. दुपारी तिचे अंत्यसंस्कार झाले आणि संध्याकाळी ती जिथे गेली त्या जागी पिठावर दिवा ठेवला. घरात सुतक होते, देवपूजा बंद होती आणि भावकीतील एका वडीलधाऱ्या माणसाने आज हरिपाठ नको असे सुचवले. वडिलांनी हरिपाठातलाच चरण म्हटला, ‘काळवेळ नाम उच्चारितां नाहीं’, आणि ते नेहमीच्या जागी बसले. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ एवढे म्हणून त्यांचा आवाज फुटला आणि पुढचे शब्द निघेनात. तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी, ज्या दारात डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, पुढचा चरण उचलला. हळूहळू ओसरीवरची सगळी माणसे म्हणू लागली आणि तिसऱ्या-चौथ्या अभंगाला वडिलांचा आवाज परत आला. नेमाचे बळ काय असते हे मी त्या संध्याकाळी पाहिले. त्या दिवशी वडिलांच्या मनात स्तुतीचे शब्द आपण होऊन आले असते असे मला वाटत नाही. ते आले, कारण आधीच्या हजारो संध्याकाळी ते येऊन गेले होते आणि शेजारणींनाही ते ठाऊक होते. दुःखाच्या दिवशी देवाची आठवण काढू असे आपण म्हणतो, पण सुखाच्या आणि साध्यासुध्या दिवसांत जिभेला सवय लागलेली नसेल, तर दुःखाच्या दिवशी जीभ उचलत नाही.

त्याच ‘काळवेळ’ या चरणाविषयी एक गोष्ट मला, स्त्री म्हणून, आवर्जून नोंदवायची आहे. आमच्या लहानपणी महिन्याच्या चार दिवसांत मुलींना देवघराकडे फिरकू देत नसत. आमच्या घरीही देवाला शिवायचे नाही हा नियम आई पाळायला लावत असे. पण वडिलांनी त्या दिवसांतही मला हरिपाठातून उठवले नाही. नामाला विटाळ नसतो, एवढेच ते म्हणत. सातशे वर्षांपूर्वीच्या चार-पाच शब्दांनी एका खेड्यातील मुलीला देवापुढे आपली जागा मिळवून दिली याचे मला आजही अपार मोल वाटते.

हरिपाठात मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी गोष्ट ही आहे की त्यात मागणे जवळजवळ नाही. पीक येऊ दे, मूल होऊ दे, पोराला नोकरी लागू दे, दुखणे बरे होऊ दे, यातले एकही वाक्य त्या अभंगांत सापडत नाही. त्यात देवाच्या नामाचा महिमा आहे, आपल्याच मनाला केलेला उपदेश आहे आणि पुन्हा पुन्हा येणारा आनंद आहे. आपण देवाकडे जातो ते बहुधा काहीतरी घेऊन यायला जातो. नवस बोलणे वाईट आहे असे मी म्हणत नाही, कारण संकटात सापडलेला माणूस दुसरे काय करणार? पण नवसाला अट असते आणि काम झाले की तो फिटतो. स्तुतीला अट नसते, त्यामुळे ती फिटून संपतही नाही. तुकोबांनी देवाकडे दान मागितले तेही ‘तुझा विसर न व्हावा’ एवढेच मागितले. म्हणजे त्यांचे मागणेसुद्धा स्तुती चालू राहावी यासाठीच होते. दिवसातला अर्धा तास आपण काहीही न मागता देवापुढे बसलो, तर उरलेल्या साडेतेवीस तासांतल्या आपल्या मागण्या हळूहळू कमी होत जातात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणारी माणसे बहुधा शिकलेली व प्रामाणिक असतात. रोज तेच ते शब्द म्हटल्याने भक्ती यांत्रिक होते, मनात भाव नसताना तोंड हलवण्यात काय अर्थ आहे, असे ते विचारतात. हा आक्षेप हलका नाही. ‘भावेंवीण भक्ति, भक्तिविण मुक्ति, बळेंवीण शक्ति बोलूं नये’ असे खुद्द हरिपाठाच्या चौथ्या अभंगात सांगितले आहे. परंतु भाव आधी यावा आणि मग म्हणावे असा क्रम आपण लावला, तर आपल्यापैकी बहुतेकांचे म्हणणे कधी सुरूच होणार नाही. मी ३६ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते चौथीची मुले शिकवली. पाढे म्हणताना मुलांना त्यांचा अर्थ कळत नसे, हे मला माहीत होते. बे एके बे, बे दुणे चार असा गजर संध्याकाळी शाळा सुटण्याआधी चालायचा आणि मागच्या बाकावरची मुले पेंगतही असत. पुढे तीच मुले बाजारात मेथीच्या जुड्यांचा हिशेब बोटे न मोजता करू लागली, तेव्हा पाढा त्यांच्या कामाला आला. गणित आणि भक्ती एक नव्हे हे मी जाणते. पण जे पाठ असते तेच ऐन वेळी हाताशी येते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. याच प्रश्नावर वडील म्हणत, ‘‘भाव काय बोलावल्यावर येतो व्हय? पर दार तरी उघडं ठिवावं.’’ रोजचा हरिपाठ म्हणजे दार उघडे ठेवणे. वीस दिवस नुसते शब्द तोंडातून जातात आणि एकविसाव्या दिवशी एखादा चरण असा काही लागतो की डोळे भरून येतात. तो एकविसावा दिवस कोणता असेल हे आपल्या हाती नाही. मधले वीस दिवस आपल्या हाती आहेत.

आणि हे कठीण आहे, हे माउलींनी लपवलेले नाही. ‘नित्यनेम नामीं ते प्राणी दुर्लभ । लक्ष्मीवल्लभ तयां जवळी ॥’ असे ते म्हणतात. नामाचा नित्य नेम असलेले लोक दुर्लभ आहेत, हे ज्ञानेश्वरांच्या काळातले निरीक्षण आहे. माउलींनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ मध्ये. तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती, मोबाइल नव्हता, कारखान्याची पाळी नव्हती, तरीही रोज नेमाने नाम घेणारा माणूस तेव्हाही विरळाच होता. म्हणून ‘आजकाल कोणाला वेळ आहे’ असे म्हणून सगळा दोष काळावर टाकणे मला पटत नाही. नेम हा प्रत्येक काळात माणसाला स्वतःच्या आळसाशी भांडूनच राखावा लागला आहे.

काळाबरोबर काही गोष्टी खरोखर गेल्या, हेही मान्य केले पाहिजे. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ असे जनाबाई म्हणाल्या आणि त्यांच्यामागून शेकडो वर्षे महाराष्ट्रातील बायकांनी पहाटेच्या अंधारात दळता दळता विठ्ठल गायिला. संशोधकांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या आहेत, हे त्यांचे मोठेच उपकार आहेत. परंतु गावात पिठाची गिरणी आली, जाते माळ्यावर गेले आणि एका पिढीत ओव्या थांबल्या. बायकांचे कष्ट वाचले याचा मला आनंदच आहे, कारण माझ्या आईचे खांदे जात्याने कसे झिजले होते हे मी पाहिले आहे. पण ती स्तुती कामाला जोडलेली होती, म्हणून काम गेले तशी तीही गेली. हरिपाठ मात्र कोणत्याही कामाला जोडलेला नाही. तो संध्याकाळच्या वेळेला जोडलेला आहे, आणि संध्याकाळ शेतकऱ्याच्या घरी होते तशीच ती संगणकावर काम करणाऱ्याच्या घरीही होते. म्हणून बदललेल्या काळातही टिकण्याची ताकद या नेमात आहे असे मला वाटते.

रोजच्या स्तुतीचा नेम ही केवळ आपलीच मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक शिक्षिका मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या होत्या. त्यांच्या घरी रात्री जेवणाआधी सगळे कुटुंब बसून पेटीच्या साथीने भजन म्हणत असे आणि त्या भजनांची चाल व भाषा इतकी आपली होती की पहिल्यांदा ऐकताना मला ती अभंगच वाटली. बायबलमधील स्तोत्रसंहितेत एक भक्त दिवसातून सात वेळा देवाचे स्तवन करतो, असे त्यांनीच मला दाखवले होते. मुसलमान बांधव पाच वेळा नमाज पढतात. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात मी एकदा गेले होते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत आणि ती तिथे मोठ्या आदराने गायिली जातात, हे तिथे समजल्यावर अंगावर शहारा आला. नामदेवांची स्तुती पंजाबी माणूस नेमाने म्हणतो आणि नामदेवांच्या महाराष्ट्रात आपण ती यंत्रावर सोपवतो, ही गोष्ट तेव्हापासून मला बोचते आहे.

निवृत्तीनंतर मी भोसरीला मुलाकडे राहते. मुलगा आणि सून दोघेही चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करतात, त्यामुळे दिवेलागणीला सगळे घरी असणे आठवड्यातून एखाद्या दिवशीच जमते. पहिले काही महिने मी संपूर्ण हरिपाठाचा आग्रह धरला आणि त्यातून घरात ओढाताण झाली. नंतर माझी चूक माझ्या लक्षात आली. आता आम्ही रात्री साडेआठला, पाने वाढण्याआधी, तीन अभंग म्हणतो आणि जो घरी असेल तो म्हणतो. नातू सहा वर्षांचा आहे. त्याला ‘मुखें म्हणा’ जोरात म्हणायला फार आवडते. पूर्ण हरिपाठ मी माझा एकटीचा संध्याकाळी म्हणते. मुलगा दुसऱ्या पाळीला असला की कंपनीच्या बसमध्ये हलक्या आवाजात म्हणतो. ‘असोनि संसारीं जिव्हे वेगु करी’ हा पहिल्या अभंगातला चरण त्याच्यासारख्यांसाठीच असावा, असे मला वाटते. एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या बीडकडच्या कामगाराने त्याचा एक शब्द चुकलेला दुरुस्त करून दिला आणि पुढचे चार अभंग दोघांनी मिळून म्हटले. हे मुलाने घरी आल्यावर मला मध्यरात्री उठवून सांगितले.

महोदय, आता माझी विनंती. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात आपल्याकडे काही ना काही नेम धरण्याची रीत आहे. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. सोडण्याच्या नेमाबरोबर या वर्षी एक धरण्याचा नेमही वाचकांनी करावा असे मला वाटते. चातुर्मासाचे साधारण १७ आठवडे होतात. आठवड्याला दोन अभंग पाठ केले, तर १४ आठवड्यांत सगळा हरिपाठ मुखोद्गत होतो आणि उजळणीला तीन आठवडे उरतात. आपण आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून दोन दिवस एकेक अभंग, कठीण शब्दांच्या अर्थासह, ठळक अक्षरांत छापावा. म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल असा तो छापला, तर कात्रण काढून देवघरात चिकटवता येईल. छोट्या पुस्तिका पंढरपुरात आणि आळंदीत सर्वत्र मिळतात हे खरे आहे, पण घरात पुस्तिका असणे आणि रोजच्या चहाबरोबर एक अभंग समोर येणे यांत फरक पडतो.

गावोगावच्या देवस्थान समित्यांनाही आपल्यामार्फत सांगावेसे वाटते. ध्वनिमुद्रण बंद करा असे मी एकदम म्हणणार नाही, कारण त्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरबसल्या हरिपाठ कानी पडतो. परंतु निदान त्या वेळेला देवळाचे दार उघडे राहू द्या आणि आत एक तरी माणूस म्हणायला बसू द्या. अखंड हरिनाम सप्ताहासाठी आपण वर्गणी काढतो, मंडप घालतो, नामवंत कीर्तनकारांच्या तारखा वर्षभर आधी घेतो आणि सात दिवस वीणा खाली ठेवू देत नाही. त्या सात दिवसांचा उत्साह थोर आहे. त्याचबरोबर सप्ताहात गावातल्या दहा मुलांना हरिपाठ आणि पावले शिकवण्याची जबाबदारी एखाद्या जाणत्या माळकऱ्यावर सोपवली, तर काल्याच्या दिवशी मंडप उतरला तरी आठव्या संध्याकाळी देवळात म्हणणारे कोणी तरी राहील. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून मुले हेच शिकत आली आहेत आणि तिथून शिकून गेलेली माणसे अनेक तालुक्यांत आहेत. त्यांना केवळ कीर्तनासाठी न बोलावता, आठ दिवस मुक्कामाला ठेवून शिकवण्यासाठी बोलवावे.

माझ्या माहेरच्या गावी मी समितीला यंदा पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही, पण गेल्या महिन्यात भाच्याने दूरध्वनीवरून सांगितले की गुरुवार आणि एकादशी असे दोन दिवस देवळाचे कुलूप आता संध्याकाळी काढतात आणि तीन बायका व एक निवृत्त पोस्टमन येऊन बसतात. आम्हीही येत्या एकादशीपासून इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या मोटारीच्या खोलीशेजारी जी मोकळी जागा आहे तिथे, रोज संध्याकाळी सात वाजता बसणार आहोत. सध्या सात जणी आणि दोन पुरुष तयार झाले आहेत, सतरंजी दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई देणार आहेत आणि टाळांच्या तीन जोड्या जमल्या आहेत. चौथी जोडी मी वारीला गेलेल्या शेजाऱ्यांना पंढरपुराहून आणायला सांगितली आहे, नातवाच्या हातात मावेल अशी लहान.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
भोसरी, पुणे